आधी पाणी बघा

जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर पाऊस लागला की नांदूर मध्यमेश्वर हे नाव रोज बातम्यांत येतं. गंगापूर धरण भरलं, दारणा भरली, दरवाजे उघडले, नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीकडे इतक्या हजार क्युसेकने विसर्ग सुरू. पैठणपर्यंतच्या लोकांचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. डिसेंबर उजाडला की त्याच बंधाऱ्याच्या मागच्या अंगाला, निफाड तालुक्यातल्या चापडगावच्या काठावर, सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे गाड्या येऊन थांबतात आणि माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून खाली उतरतात. पावसाळ्यातला विसर्ग आणि हिवाळ्यातले पक्षी ही एकाच पाण्याची गोष्ट आहे. ज्याला ती कळली तो इथला खरा गाइड.

हे गाइड आसपासच्या गावांतले, बहुतेक शेतकरी घरांतले तरुण. वन विभागाच्या तिकीटघरापाशी आपल्या गटाला असा एक जण मिळतो. खांद्यावर तिवई, तिच्यावर स्कोप, कानाला मफलर. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथला पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी जवळजवळ दर हिवाळ्यात असते. अशा पहाटे नाशिकहून चांदोरी-सायखेड्याच्या बाजूने येताना रस्त्यालगतच्या द्राक्षबागांत शेकोट्यांचा धूर दिसतो. घडांना थंडीचा फटका बसू नये म्हणून बागायतदार रात्र जागवत असतात. चाळीसेक किलोमीटरचा प्रवास संपतो तेव्हा पाण्यावर धुकं असतं आणि गटातल्या मंडळींची घाई सुरू झालेली असते. कुठे आहेत पक्षी? क्रौंच आलेत का? रोहित दिसतील?

मी ज्याच्यासोबत सर्वांत जास्त फिरलो, तो गाइड अशा वेळी उत्तर देत नाही. काठावर जाऊन उभा राहतो. मातीत रोवलेल्या एका दगडाकडे पाहतो, कालच्या ओल्या रेघेकडे पाहतो, पाणकणसाच्या बुंध्यावरचा चिखलाचा डाग पाहतो. मग म्हणतो, "आधी पाणी बघा. पाणी कालच्यापेक्षा चार बोटं उतरलंय. म्हणजे आज पलीकडच्या पट्टीला जाऊ, इथं काही नाही राहणार."

त्या चार बोटांत सगळं आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा बंधारा बांधला गेला, तो शेतीसाठी. वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी इथे अडवायचं, पातळी वर उचलायची आणि कालव्यांत वळवायचं. कोपरगाव-राहात्याकडचा ऊस या पाण्यावर उभा राहिला. पुढे जलदगती कालव्यानं ते वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडेही नेलं. बंधारा बांधणाऱ्यांच्या मनात बदकं नव्हती. पण दोन नद्यांनी शंभर वर्षं आणलेला गाळ मागे बसत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, जेवढा गाळ तेवढी साठवण कमी. त्याच गाळातून उथळ फाटे झाले, चिखलाचे पट्टे झाले, देवबाभळीची आणि पाणकणसाची बेटं झाली, आणि उत्तरेकडून उतरणाऱ्या पक्ष्यांना दख्खनच्या पठारावर मोठी पाणथळ मिळाली. १९८६ साली सुमारे शंभर चौरस किलोमीटरचा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून इथलं नाव पुढे आलं. रामसरच्या त्या नोंदीत पक्ष्यांच्या जोडीनं एका लहानशा माशाचंही नाव आहे, देवळाली मिनो. आपल्याच देवळालीचं नाव लावणारा हा मासा आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याला बघायला मात्र कुणी गाडी करून येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोक या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात. तुलना पक्ष्यांच्या संख्येवरून होते, पण मला ती दुसऱ्या कारणानं पटते. भरतपूरही माणसानं बांध घालून केलेलं पाणथळ आहे. तिथे अजान बांधाचं पाणी आलं की पक्षी येतात आणि वरच्या पांचना धरणाचं पाणी अडलं तेव्हा तिथली तळी कोरडी पडली होती. दोन्हीकडे पक्ष्यांचं पोट माणसांच्या पाणीवाटपावर चालतं.

पलीकडच्या पट्टीला पोचल्यावर काम सुरू होतं. गटाला पक्षी दाखवणं हे पक्षी ओळखण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे इथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. दहा जणांच्या दहा नजरा दहा ठिकाणी असतात. "तो बघा, तिकडे" या वाक्यानं कुणालाही काही दिसत नाही. अनुभवी गाइड आधी सगळ्यांची नजर एका ठिकाणी आणतो. "वठलेली बाभूळ दिसली का सगळ्यांना? दिसली? आता हात लांब करा, चार बोटं आडवी धरा. बाभळीच्या उजवीकडं तेवढं सरका. पाण्याला लागून एक मातीचा उंचवटा. त्याच्या पुढ्यात." मग थांबतो. एकेकाच्या तोंडून "हां!" निघेपर्यंत थांबतो. ज्याला दिसलेलं नाही तोही कधीकधी इतरांच्या भिडेनं "हां" म्हणतो, आणि ते गाइडला बरोबर कळतं. अशा माणसाला तो स्कोपपाशी बोलावतो आणि विचारतो, "चोच कोणत्या रंगाची आहे, सांगा बरं." मुलांसाठी तिवई खाली करतो. म्हाताऱ्या माणसाला चष्मा काढायचा की ठेवायचा ते सांगतो. या सगळ्यात आवाज कुजबुजीच्या वर जात नाही आणि सूर्य कायम गटाच्या पाठीशी राहील असा तो उभा असतो.

मग तो गटाला पाणी वाचायला शिकवतो. काठाचा ओला चिखल बघा, तिथे तुतवार आणि धोबी, शेपट्या हलवत किडे वेचणारे. त्यापुढे चार बोटं पाणी, तिथे शेकाट्या, लांबलचक गुलाबी पाय टाकत. वीतभर पाण्यात चमचे एका रांगेत चालतात आणि चपटी चोच डावी-उजवीकडे फिरवत पाणी ढवळतात. मासा किंवा कोळंबी चोचीला लागली की ती मिटते. त्यांच्या आसपास मोर शराटींचा थवा चिखलात चोची खुपसत असतो. उघड्या चोचीचा करकोचा गोगलगायी शोधतो. पाणी हातभर झालं की तलवार बदकं. डोकं खाली, शेपूट वर, लांब मानेनं तळाचं खाणं ओढणारी. थापट्याला तळाशी काम नाही. तो वरवरच्या पाण्यातूनच चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीनं बारीक जीव गाळून घेतो. कधी थापट्यांचा मोठा घोळका एकमेकांच्या मागे गोल गोल फिरताना दिसतो. एकाच्या पायांनी ढवळलेलं पाणी दुसरा गाळत असतो. त्यापलीकडे खोल पाण्यात वारकरी आणि पाणकावळे, बुडी मारणारे.

एवढं दाखवल्यावर गटातली एखादी शाळकरी मुलगी स्वतःहून विचारते, "म्हणजे पाणी वाढलं तर शेकाट्या कुठे जाणार?" हा प्रश्न आला की गाइडचा चेहरा खुलतो. पक्ष्यांची नावं पुस्तकात असतात. मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशानं तर मराठीत त्यांचा मोठा ठेवाच करून ठेवला आहे. हा प्रश्न मात्र काठावर उभं राहूनच सुचतो.

उन्हं वर येतात आणि एक दृश्य बहुतेक सकाळी पाहायला मिळतं. खोल पाण्यावर वारकऱ्यांचे शेकडो काळे ठिपके विखुरलेले असतात. अचानक ते सगळे एकमेकांकडे सरकायला लागतात. अजून कुणालाच काही दिसलेलं नसतं. गाइड म्हणतो, "वर नका बघू. पाणकणसाच्या शेंड्यांवरनं नजर फिरवा." दलदली भोवत्या येतोय, पंख वर उचललेले, गवताच्या अगदी लगत, संथ. तो जवळ येईल तसा वारकऱ्यांचा घोळका दाटत जातो आणि पाण्यावर पसरलेला थवा बघता बघता एक गच्च काळा तवंग होतो. भोवत्या वरून एक फेरी मारतो, कडेला एखादा एकटा राहिलेला दिसतो का ते पाहतो. कडेचे वारकरी पाय आपटत, पाणी उडवत आत घुसतात. सगळे आत असले तर तो निघून जातो. काही मिनिटांत ठिपके पुन्हा मोकळे. या वेळी कॅमेरेवाले भोवत्याच्या मागे धावायला बघतात. चांगला गाइड त्यांना जागचं हलू देत नाही. मला वाटतं, गटात दहापेक्षा जास्त माणसं घेऊच नयेत आणि पक्ष्याला जवळ आणण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवणाऱ्याला तिथूनच परत पाठवावं. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला आपल्या फोटोसाठी दाणापाणी सोडून उडायला लावणं हा अपराध आहे.

जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. १९८७ पासून आशियाभर होणाऱ्या मोजणीचा हा भाग. त्या दिवशी गटाचं रूप बदलतं. एकानं स्कोपला डोळा लावायचा, दुसऱ्यानं लिहायचं, तिसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. थवा मोठा असला तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवायचं, मग तेवढ्याच मापानं थव्यावर पुढे सरकत जायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि फार फरक पडला तर पुन्हा मोजायचं. कंटाळवाणं काम आहे. बोटं गारठतात. पण वर्षामागून वर्ष त्याच जागी त्याच पद्धतीनं केलेली नोंद हीच उद्या कुठल्या तरी फाइलीत या पाणथळीची बाजू मांडणार आहे.

समुद्राकाठी पक्षी दाखवण्याचं काम कसं चालतं ते ऐरोलीला पाहिलं. ठाणे खाडीचं रोहित अभयारण्य २०१५ चं, तेही २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. तिथे बोटीतून नेतात आणि बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर ठरते. बोट चालायला पुरेसं पाणी हवं, पण रोहितांचा चिखल बुडेल इतकं नको. ती मधली वेळ थोडकी असते आणि रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकते. पण निदान तिचं वेळापत्रक आधी छापता येतं. चंद्र कुणाच्या मागणीवरून पाणी सोडत नाही.

नांदूरला पाणी चढतं-उतरतं ते कालव्यांच्या आवर्तनावर. कोपरगावात ऊस वाळायला लागला, राहात्यात बागा ताणावर आल्या, की मागणी होते, बैठक होते, वरून पाणी सुटतं. बंधाऱ्यामागची पातळी वाढते, चिखलाचे पट्टे झाकले जातात आणि लहान पायांचे पक्षी एका रात्रीत हलतात. आवर्तन संपलं की पाणी उतरतं, ताजा चिखल उघडा पडतो आणि दोन-तीन दिवस मेजवानी असते. पातळी फारच पडली तर बेटं काठाला जोडली जातात आणि कुत्री आत शिरतात. त्यात नाशिक शहराचं सांडपाणी पोटात घेऊन येणारी गोदावरी जलपर्णी घेऊन येते. तिची हिरवी चादर उघडं पाणी गिळत जाते. आणि सायखेडा-चांदोरी पुरात बुडतात तेव्हा बंधाऱ्यातला गाळ काढा अशी मागणी जोर धरते. ज्यांच्या घरात २०१९ चं पाणी शिरलं त्यांची ती मागणी मला चुकीची म्हणता येत नाही. पण कुठला गाळ काढायचा आणि कुठला ठेवायचा हे ठरवताना त्या बैठकीत पाण्याची बोटं मोजणारी ही मुलंही बसलेली असावीत, असं मला मनापासून वाटतं. कारण धरणातून सुटलेलं पाणी कोणत्या पट्टीवर किती चढतं आणि त्यानं कोण उठतं, कोण बसतं, हे रोज पाहणारे तेच आहेत.

फेरी संपते तेव्हा साडेदहा झालेले असतात. उन्हानं पाणी चकाकायला लागतं, स्कोपमध्ये हवा थरथरताना दिसते. गट टपरीवर चहा घेतो, यादी जुळवतो, कुणाला कुठला पक्षी दिसला नाही यावर थोडा वाद होतो. गाइड बाजूला जाऊन फोन लावतो, ओळखीच्या पाटकऱ्याला. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, शनिवारपर्यंत पाणी उतरेल का? पुढच्या आठवड्यात एका शाळेची मुलं यायची आहेत, त्यांना कोणत्या काठाला उभं करायचं ते त्याला आजच ठरवायचं असतं. तिकडून उत्तर येतं, मंगळवारी सुटतंय. तो हातावरच पेननं वार लिहितो आणि शाळेच्या बाईंना फोन करून सांगतो, येत्या शनिवारी नको, त्याच्या पुढच्या शनिवारी आणा.