पक्षी सप्ताह आणि कोयत्याबरोबर जाणारी मुले

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन जन्मदिवसांमधला काळ पक्ष्यांसाठी राखून ठेवावा ही कल्पना औचित्यपूर्ण तर खरीच, पण सोयीचीही आहे. पाऊस ओसरलेला असतो, आकाश निवळलेले असते, दूरदेशीचे पाहुणे पाणवठ्यांवर उतरू लागलेले असतात. शहरांतील शाळा या दिवसांत मुलांना तळ्याकाठी नेतात, चित्रांच्या स्पर्धा घेतात, भिंती रंगवितात.

बीड जिल्ह्यातून पाहिले असता मात्र हाच आठवडा निराळा दिसतो. गेवराई तालुक्यातील तलवाडा आणि त्याच्या आसपासची गावे नेमकी याच सुमारास रिकामी होऊ लागतात. दिवाळी उरकली, की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ असा या धंद्यातील हिशेब आहे. तीन-चार वर्षांचे मूल या हिशेबात कोठेच धरलेले नसते. आणि तरीही कोयत्याबरोबर हमखास जाते ते तेच. मोठी भावंडे आजी-आजोबांपाशी किंवा वसतिगृहात राहू शकतात. अंगणवाडीच्या वयाचे पोर आईला सोडून राहत नाही. पाखरे येतात आणि मुले जातात, असा हा नोव्हेंबर आहे.

पाखरांची ओळख हा बालशिक्षणात एवढा महत्त्वाचा विषय मानावा काय, असा प्रश्न एखादा व्यवहारी वाचक विचारील. त्याचे उत्तर शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांआधी मराठी घरातच सापडते. मुलाला पहिला घास भरविताना आई चिऊ-काऊला साक्षीला बोलावते. तळहातावर मोराला बसविण्याचा खेळ बोलता न येणाऱ्या बाळाशीही खेळला जातो. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा आणि मेणाच्या घरात सुरक्षित राहिलेली चिमणी ही मराठी मुलाने ऐकलेली बहुधा पहिलीच गोष्ट. आणि ‘चिमणी उड, कावळा उड’ हा खेळ तर वरवर पाहता नुसती गंमत. वस्तुतः तो वर्गीकरणाचा पहिला धडा आहे. चिमणी उडते, घार उडते, म्हैस उडत नाही. बोट उचलावे की खाली ठेवावे, याचा निर्णय चार वर्षांचे मूल क्षणार्धात घेते आणि चुकले तर स्वतःच हसते. फळा, खडू, पुस्तक यांपैकी काहीही न लागता जे शिक्षण होते, त्याची किंमत आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही, ही गोष्ट वेगळी.

घरातून असे पाखरांशी नाते जोडून आलेले मूल अंगणवाडीत पाऊल टाकते, आणि तेथे पुष्कळदा ते नाते तुटते. बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर शहामृग आणि पेंग्विन दिमाखात उभे असतात. मुलाच्या डोळ्यांसमोर रोज तारेवर बसणारा कोतवाल, अंगणात दाणे टिपणारा होला, बांधावरून ओरडत उठणारी टिटवी यांना त्यात जागा नसते. चित्रकलेचीही तीच तऱ्हा. दोनच्या आकड्याला चोच आणि पंख जोडले की बदक झाले. छापील रेषेच्या आत हिरवा रंग भरला की पोपट झाला. रेषेबाहेर रंग गेला तर मात्र चूक! असे चित्र काढताना मुलाला एकाही पाखराकडे पाहावे लागत नाही. उलट, चिमण्यांच्या थव्याकडे जरा वेळ पाहत बसलेल्या मुलाच्या ध्यानात येते, की काहींच्या गळ्याखाली काळा डाग आहे आणि काहींच्या नाही. नर कोणता आणि मादी कोणती हे त्याला कोणी नंतर सांगितले तरी चालेल. फरक त्याचा त्याला दिसला, हे मोलाचे. सालिम अलींच्या आयुष्याला वळण लागले तेही बालपणी हाती आलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरील पिवळ्या डागामुळे, हे सर्वश्रुत आहे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेका यांच्यासमवेत नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि माँटेसरी पद्धतीची सुबक पण महागडी साधने भारतीय खेड्याला परवडणारी नाहीत हे त्यांनी लवकरच ओळखले. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले, तेव्हा शंख-शिंपले, गोटे, बिया, पाने, माती हीच त्यांची साधने झाली. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेण्यात आली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीत रुजला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी याच विचाराने आणखी एक पाऊल टाकले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. आज ‘निसर्गाच्या सान्निध्यात शिक्षण’ म्हणून ज्याचे कौतुक होते, त्याचा उगम त्या मुलांच्या अडचणीत होता. मूल जेथे आहे तेथे शिक्षकाने जायचे आणि तेथे जे आहे त्यातूनच शिकवायचे, एवढे साधे ते सूत्र.

केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, आशय मात्र वाटेत बराचसा गळाला. आहार, लसीकरण, वजन-उंचीच्या नोंदी यांनी अंगणवाडीचा दिवस व्यापला. ही कामे गौण आहेत असे कोणी म्हणणार नाही. भुकेल्या मुलाला पाखरू दाखवून काय उपयोग? तथापि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते असे नमूद करून, तीन ते आठ या वयाला शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानले आहे, आणि मैदानी खेळ, चित्रकला, हस्तकला यांचा त्यात स्पष्ट उल्लेख केला आहे. तेव्हा या गोष्टी आता सवडीच्या राहिलेल्या नाहीत.

आणि यांना खर्च तरी कितीसा येतो? सुगरणीचा खोपा घ्या. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला लटकणारे हे खोपे हंगाम संपला की ओस पडतात, वाऱ्याने खालीही येतात. असा एक रिकामा खोपा मुलांच्या हाती दिला, की त्यातील एकेक पाती उलगडून पाहण्यात सकाळ जाते. मग गवताच्या काड्या गुंफून तसा खोपा करून पाहण्याचा खटाटोप होतो. तो जमत नाही, आणि न जमण्यातच त्या इवल्या चोचीचे कसब कळते. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीची कारागिरी मराठी घराघरांत पोचली. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर, आणि मादी तो पसंत करते. ही गोष्ट मुलांना सांगितली तर कवितेचे काही बिघडत नाही.

टिटवीचा धडा तर अंगणातला खेळच होऊ शकतो. ही पक्षीण घरटे बांधीत नाही. उघड्या माळावर खड्यांच्या संगतीत अंडी घालते, आणि अंड्यांचा रंग खड्यांतून ओळखू येत नाही. मुलांनी गोटे रंगवावेत, काही मातीच्या रंगाचे, काही लाल-निळे, आणि ते माळावर ठेवून एकमेकांना शोधावयास लावावेत. कोणते आधी सापडले आणि कोणते सापडलेच नाहीत, यावरून टिटवीचे गुपित मुलांना उमगते. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करणारे हात त्याच मातीची साळुंकी करू शकतात. बोटाच्या ठशाला दोन पाय आणि एक चोच जोडली की चिमण्यांचा थवा कागदावर उतरतो. एक पथ्य मात्र पाळावे. दाखविण्यासाठी म्हणून पिंजऱ्यातला पोपट कोणी वर्गात आणू नये. आपल्याकडील रानपोपट बाळगणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात पाखरू पाहिलेल्या मुलाच्या मनात पाखराची जागा पिंजरा हीच ठरून जाते.

येथून पुन्हा तलवाड्याकडे यावे लागते, कारण ही सारी साधने त्या परिसरात आहेत. अडचण आहे ती वेळापत्रकाची. गोदावरी ही बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आणि गेवराई तालुका तिच्या काठचा. वर पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे, तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पाटोदा तालुक्यातील नायगावला मोरांसाठी अभयारण्य आहे. रब्बीच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरतात. मध्य आशियातून येणारी ही पाखरे कणसांवर तुटून पडतात, आणि शेतकरी गोफण घेऊन राखणीला उभा राहतो. परंतु हा सगळा हिवाळी वैभवाचा भाग आहे, आणि कोयत्यामागे गेलेल्या मुलाच्या वाट्याला तो येत नाही. त्याचा गावातील मुक्काम उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा.

हा मुक्काम पाखरांच्या दृष्टीने दरिद्री आहे काय? मुळीच नाही. मृगाच्या आगेमागे आफ्रिकेतून चातक येतो. पावशा पेरणीची हाक देतो. मोर पिसारा उभारतो, सुगरणीच्या वसाहती गजबजतात, बगळ्यांच्या माना विणीच्या रंगांनी सजतात. तेव्हा बीड जिल्ह्यातील अंगणवाड्यांपुरता तरी पक्षी सप्ताह आषाढ-श्रावणात घेण्यास हरकत कोणती? राज्याचा सप्ताह नोव्हेंबरात खुशाल राहो. दोन थोर पक्षितज्ज्ञांच्या जन्मतिथींना त्यामुळे बाधा येत नाही. आणि चितमपल्लींसारख्या आयुष्यभर रानावनांत वावरलेल्या माणसाला, ते हयात असते तर, हा बदल खटकला असता असे वाटत नाही.

राहिले उसाच्या फडातील सहा महिने. पाचटाच्या कोपीत राहणारे मूल पाखरांवाचून असते, असे समजण्याचे कारण नाही. तोड चालू असता मागोमाग गायबगळे चालतात आणि उठलेले किडे टिपतात. कोतवाल वाढ्यांवर टपून बसतो. वेडा राघू तारेवरून झेप घेऊन परत त्याच जागी येतो. फडाच्या बांधावर बसविलेले मूल दिवसभर हेच पाहत असते, कारण पाहावयास दुसरे काही नसते. साखरशाळांचे प्रयोग महाराष्ट्रात झाले, ऊसतोड कामगारांच्या शाळकरी मुलांसाठी शासनाने वसतिगृहेही काढली. परंतु तीन ते सहा या वयाचा प्रश्न त्यांनी सुटण्यासारखा नव्हता. स्थलांतरित बालकांची नोंद एका अंगणवाडीतून दुसरीकडे वळविण्याची संगणकीय सोय अलीकडच्या वर्षांत झाली आहे. तिच्यामुळे आहाराचा हक्क मुलाच्या मागोमाग जाऊ शकतो. शिकण्याचा हक्क त्याच वाटेने जावा, यासाठी कुरणशाळेची फडावरची आवृत्ती काढावी लागेल: कोप्यांच्या वस्तीवर रोज दोन-तीन तास बसणारी एक बाई, शक्यतो बीडकडची बोली समजणारी, जी मुलांना बांधावरून उठवून सावलीत आणील, त्यांनी काय पाहिले ते विचारील आणि पाचटाच्या पात्यांनी, मातीने, कोळशाने ते काढावयास लावील.

यावर अंगणवाडी सेविकांची तक्रार ऐकू येईल आणि ती रास्त असेल. मानधनवाढीसाठी आणि इतर मागण्यांसाठी त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यव्यापी संप केला होता. नोंदवह्यांच्या जोडीला आता मोबाईलवरील नोंदी आल्या आहेत. अशा स्थितीत ‘आता पाखरेही दाखवा’ असा आणखी एक फतवा वरून आला, तर त्याचेही रकाने होतील, त्यात आकडे भरले जातील आणि पाखरे जागच्या जागी राहतील. प्रशिक्षणवर्गात सेविकांना मार्गदर्शिका वाटण्याऐवजी अर्धा दिवस माळावर नेले, तर त्यातील पुष्कळजणींना नव्याने फारसे शिकवावेही लागणार नाही. त्या याच मातीत वाढलेल्या असतात. भोरडी केव्हा येते, होल्याचे घरटे कोठे असते, पावशा कोणत्या नक्षत्रात ओरडतो हे त्यांना ठाऊक असते; फक्त हे ज्ञान अंगणवाडीत चालते, असे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नसते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पट्टा पडतो, कोयते परततात. मुलाची पुन्हा नोंद होते. वजन घेतले जाते, उंची मोजली जाते, दंडाचा घेर पाहिला जातो. याच दिवसांत तलवाड्याच्या माळावर टिटवी अंड्यांवर बसलेली असते आणि अंगणवाडीला जाण्याची पायवाट तिच्या जवळूनच जात असते.