हिरडीतला स्राव आणि रक्तातली साखर

मधुमेह निघाला की डोळ्यांचा पडदा तपासा, तळपाय बघा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन करा, असं सगळे सांगतात. हिरड्या दाखवून या, असं सांगणारे फार थोडे. दातांचं दुखणं तोंडापुरतं आणि साखरेचं रक्तातलं, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, इथपर्यंत लोक मान्य करतात. पण बिघडलेल्या हिरड्याही साखर वाढवतात, हे पटवून द्यावं लागतं.

याचा पुरावा दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत सापडतो. निरोगी तोंडात ही फट ३ मिलिमीटरपर्यंत खोल असते आणि तिच्यात रक्तातूनच पाझरलेला थोडा द्रव असतो. तपासणीसाठी दात कापसानं कोरडा करतात आणि शोषकागदाची अरुंद पट्टी काही सेकंद फटीच्या तोंडाशी धरतात. पट्टीवर जेमतेम मायक्रोलिटरभर द्रव येतो, कधी तेवढाही नाही. एवढ्याशा ओलाव्यात इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा हे दाहाचे निरोप्ये आणि हिरडीचे तंतू तोडणारं एमएमपी-८ हे विकर मोजता येतं. हिरडी सुजली की द्रव वाढतो आणि हे पदार्थही वाढतात. साखर ताब्यात नसलेल्या रुग्णांत इंटरल्यूकिन-१ बीटा आणखी जास्त आढळलं आहे.

‘असेना, तो द्रव तोंडातच राहतो ना?’ नाही राहत. पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा हा आजार, तोंडभर पसरला की फटींच्या आतलं अस्तर ठिकठिकाणी सोलवटतं. ही सगळी जखम एकत्र केली तर ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरते, असा अंदाज आहे. एवढी जखम पायावर असती तर घरातल्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता. तोंडातली मात्र दिसत नाही आणि बहुतेकदा दुखतही नाही. तिथून जंतू आणि दाहाचे पदार्थ रक्तात उतरतात. इंटरल्यूकिन-६ मुळे यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन तयार करू लागतं. टीएनएफ-अल्फा इन्सुलिनचा संदेश पेशीत नीट पोचू देत नाही. १९९३ साली अमेरिकेत गोखन होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगलमन यांनी लठ्ठ प्राण्यांमध्ये टीएनएफ-अल्फा अडवून दाखवलं, तेव्हा इन्सुलिनचं काम सुधारलं. लठ्ठपणातला तोच पदार्थ सुजलेल्या हिरडीतही तयार होतो.

माणसांतलं उदाहरण ॲरिझोनातल्या गिला नदीकाठच्या पिमा लोकांचं. टाइप २ मधुमेहाचं प्रमाण त्यांच्यात खूप मोठं, म्हणून त्यांच्यावर दीर्घकाळ अभ्यास झाला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुरुवातीला साखर बऱ्यापैकी ताब्यात असूनही ज्यांच्या हिरड्या गंभीर बिघडल्या होत्या, त्यांची साखर पुढे हाताबाहेर जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त होती.

मग हिरड्या बऱ्या केल्या की गोळ्या बंद? हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि तो अधिक धोक्याचा. २०१३ सालच्या अमेरिकेतल्या ५१४ रुग्णांच्या चाचणीत उपचारानंतर एचबीएवनसीत, म्हणजे साखरेच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरीत, फरकच पडला नाही. त्या रुग्णांच्या हिरड्याच पुरेशा सुधारल्या नव्हत्या, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेनं ३५ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ टक्के घट दिसली. ८ असलेली एचबीएवनसी साधारण ७.६ वर यावी, एवढी. माझ्या मते ही घट छोटी नाही. पण ती चालू औषधांच्या जोडीनं मिळते, औषधांच्या जागी नाही.

‘दात साफ करून घेतले की हलायला लागतात’ ही भीतीही घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेले असतात, खाली झिजलेल्या हाडामुळे. वर साचलेल्या दगडासारख्या थरानं ते जखडलेले असतात आणि थर निघाला की खरी स्थिती जाणवते. थर तसाच ठेवला तर हाडाची झीज चालूच राहते.

मिश्रीची गोष्ट वेगळी आणि काळजीची. महाराष्ट्रात कितीतरी बायका भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घट्ट होतात म्हणून वर्षानुवर्षं लावतात. तंबाखूतल्या निकोटिननं हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे रक्त येणं कमी होतं आणि हिरडी बरी झाल्यासारखी वाटते. खालचं हाड मात्र झिजतच असतं. मधुमेह असलेल्या बाईच्या बाबतीत हा दुहेरी घात आहे आणि घरच्यांनी तो हसण्यावारी नेऊ नये.

लाळेवरून साखरेचं निदान होतं, अशी समजूतही अलीकडे कानावर येते. लाळेतल्या आणि हिरडीतल्या द्रवातल्या खुणा संशोधनात उपयोगी आहेत, पण मधुमेह ठरतो तो रक्तावरूनच. हिरड्यांचा उपचार घेतल्यावर पंधरा दिवसांत एचबीएवनसी करण्यातही अर्थ नाही. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून ती तिसऱ्या महिन्यात करावी आणि तो कागद मधुमेहाच्या डॉक्टरांबरोबर दंतवैद्यालाही दाखवावा.