मातीला, अग्नीला, आकाशाला

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, हे वाक्य आपल्याकडे सद्भावनेने उच्चारले जाते. खरे बोलावे, भुकेल्याला घास द्यावा, एवढ्यापुरते ते बरोबरही आहे. पण जग म्हणजे काय, काळ कोणत्या दिशेने चालतो, देहाशी माणसाचे नाते काय, या प्रश्नांना धर्मांनी दिलेली उत्तरे एक नाहीत. ती शोधायला ग्रंथांची पारायणे करण्यापेक्षा माणूस गेल्यावर त्याच्या देहाचे काय करतात ते पाहावे. ज्याने धर्मग्रंथाचे एक पानही उघडलेले नाही, असा माणूसही त्या घटकेला आपल्या धर्माचे विश्व स्वतःच्या हातांनी मांडत असतो.

अंत्येष्टी म्हणजे शेवटची इष्टी, शेवटचा यज्ञ. जन्मभर अग्नीत आहुती देणाऱ्याने अखेरीस स्वतःचा देहच आहुती म्हणून द्यायचा, ही त्यामागची वैदिक कल्पना. महाराष्ट्रातल्या स्मशानात मुलगा खांद्यावर पाण्याचे मडके घेऊन चितेभोवती फिरतो. मडक्याला दगडाने भोक पाडतात, धार लागते, आणि शेवटी तो ते मागे टाकून फोडतो. तो दगड म्हणजे अश्मा. तो दहा दिवस जपतात, कारण देह गेला तरी जाणारा अजून वाटेवर आहे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत नातेवाईक ताटकळत उभे राहतात. अस्थी रामकुंडात किंवा गावच्या नदीत जातात. देहाची खूण राहू नये, अशीच ही योजना आहे. मग संन्याशाची समाधी का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर याच विचारात आहे. संन्यास घेताना त्याने स्वतःचे श्राद्ध स्वतःच उरकलेले असते. आहुती आधीच पडली, आता अग्नीला द्यायचे काही उरले नाही. लिंगायत समाजात दफन होते, तेही त्यांच्या स्वतंत्र शिवतत्त्वाला धरूनच.

इस्लाममध्ये देह ही अमानत आहे. त्याला न्हाऊ घालून न शिवलेल्या कफनात गुंडाळतात आणि कबरीत उजव्या कुशीवर, तोंड किबल्याकडे, म्हणजे काबाच्या दिशेला, करून ठेवतात. आपल्याकडे किबला पश्चिमेला. इथे काळ चक्रासारखा फिरत नाही. तो सरळ कयामतीच्या दिवसाकडे जातो. राख झालेल्यालाही अल्ला उठवू शकतो याबद्दल मुसलमानाला शंका नाही, पण मृताच्या देहाला इजा करणे म्हणजे जिवंताला इजा करणे, असे तो मानतो. ख्रिस्ती कबरही पुनरुत्थानाची वाट पाहणारी जागा आहे. पारशी विचार या सर्वांहून निराळा. मृत्यू हा अहरिमनचा, दुष्ट तत्त्वाचा, तात्पुरता विजय; म्हणून प्रेत अपवित्र, तर अग्नी, माती, पाणी पवित्र. पवित्राला अपवित्राचा स्पर्श नको, म्हणून दख्म्याच्या उघड्या वर्तुळात देह ठेवायचा: पुरुष बाहेरच्या कड्यात, स्त्रिया मधल्या, मुले आतल्या.

हे सारे भूगोलाचे खेळ आहेत, लाकूड होते तिथे जाळले, वाळवंट होते तिथे पुरले, असा आक्षेप नेहमी येतो. प्रथेच्या उगमाबद्दल त्यात तथ्य असेल. तिच्या टिकण्याबद्दल नाही. इराणच्या कोरड्या डोंगरांवरचा दख्मा पारशांनी मुंबईच्या धो धो पावसात मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत उभा केला. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली (जनावरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झाले), तरी समाजातील अनेकांनी सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवून डुंगरवाडी चालू ठेवली. जपानमध्ये मेजी सरकारने १८७३ मध्ये दहन ही बौद्ध रीत म्हणून बंद केली आणि १८७५ मध्ये बंदी मागे घेतली. आज तिथे जवळजवळ सर्वांचे दहनच होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रथा बदलतात, मग त्यांत विश्वदृष्टी कसली? कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, हे खरे. पण अट घातली की पुनरुत्थान नाकारण्यासाठी ते केलेले नसावे. आणि २०१६ मध्ये पुन्हा बजावले की राख उधळायची नाही, घरात ठेवायची नाही, पवित्र जागीच ठेवायची. हिंदू राख प्रवाहात सोडतो, कॅथलिक ती एका जागी जपतो. रीत सारखी झाली, जग वेगळेच राहिले.

हा भेद पुसून टाकणाऱ्या सद्भावनेची मला धास्ती वाटते. सगळे एकच असेल, तर कोणाचा देह कोणत्याही रीतीने मार्गी लावला तरी काय बिघडले, असे म्हणायला सत्ता मोकळी होते. कोरोनाकाळात दफन व दहन दोन्ही चालतील, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते. तरीही श्रीलंकेने २०२० मध्ये दहन सक्तीचे केले आणि मुसलमानांचे मृतदेह, त्यांत वीस दिवसांचे एक बाळही, चितेवर गेले. मुंबई महापालिकेनेही मार्च २०२० मध्ये असाच आदेश काढला होता. तो काही तासांतच मागे घेतला गेला. श्रीलंकेला सक्ती उठवायला फेब्रुवारी २०२१ उजाडले, आणि सरकारने माफी मागितली ती जुलै २०२४ मध्ये.