दहा मिनिटांची बंदी

संपादकांना हवा होता जुन्या बीबीएसवर आठवणींनी ओथंबलेला लेख. घरच्या संगणकाला टेलिफोन जोडायचा, लोकांनी फोन लावून त्यावर निरोप ठेवायचे आणि इतरांचे वाचायचे, असा तो बुलेटिन बोर्डाचा उद्योग. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी १९७८च्या जानेवारीत, हिमवादळाने शहर ठप्प असताना, पहिला बीबीएस बांधायला घेतला आणि १६ फेब्रुवारीला तो सुरू केला. इतिहास इतका पुरे. मी अडकलो ते आजही चालणाऱ्या बीबीएसच्या एका कोपऱ्यात: नको असलेले आयपी पत्ते आपोआप अडवणाऱ्या यंत्रणेत.

हौशी मंडळी हे बीबीएस अजून चालवतात. फोनच्या जागी इंटरनेटवरून दूरच्या संगणकाशी जोडणारं टेलनेट आलं, एवढाच फरक. पण टेलनेटचा ठरलेला पोर्ट २३ आणि त्याच पोर्टवर स्वस्तातले कॅमेरे, रेकॉर्डर नि राउटरही उघडे पडलेले असतात. २०१६मध्ये मिराई नावाच्या बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने, अशी उपकरणं शोधत सगळं इंटरनेट धुंडाळलं. कारखान्यातून आलेली साठेक नावं-पासवर्ड, एवढंच त्याचं भांडवल. पुढे त्याचा कोड जगजाहीर झाला आणि पिलावळ वाढली. त्यातलं एखादं पिलू बीबीएसच्या दारात येतं, ‘रूट’ टाइप करतं, मग ‘अ‍ॅडमिन’, मग ‘शेल’. आपण कॅमेऱ्याशी नव्हे, गप्पांच्या अड्ड्याशी बोलतोय हे त्याला कळत नाही. बीबीएसवर एका वेळी मोजकेच लोक बसू शकतात. अशा पाहुण्यांनी जागा अडवल्या की खरा माणूस बाहेरच राहतो.

यावरचे उपाय मी सिंक्रोनेट या बीबीएस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाचले. रॉब स्विंडेल ते १९९०च्या दशकापासून घडवत आलेत. लॉगिन चुकलं की सर्व्हर त्या पत्त्याची नोंद स्मृतीत ठेवतो आणि पुढच्या खेपेला उत्तर मुद्दाम सावकाश देतो. दहा चुका झाल्या की घुसखोरीच्या नोंदवहीत नाव जातं. वीस झाल्या की दहा मिनिटांची बंदी. कायमची बंदीही आहे, पण मुळात ती बंद ठेवलेली असते; सिसॉपने, म्हणजे बीबीएसच्या चालकाने, आकडा भरला तरच ती चालू होते आणि पत्ता एका साध्या मजकुराच्या फाइलीत जाऊन बसतो.

मला भावला तो मोजण्याचा प्रकार. तेच नाव आणि तोच चुकीचा पासवर्ड पुन्हा आला, तर ती चूक नव्याने धरली जात नाही. नवा पासवर्ड विसरून जुनाच चारदा ठोकणारा माणूस एकाच चुकीचा धनी ठरतो. यादीतले पासवर्ड एकामागून एक टाकणारा बॉट मात्र दर खेपेला आकडा चढवतो. विसरभोळा कोण आणि चोर कोण, हे एकूण चुकांतून पुन्हा आलेल्या चुका वगळण्याच्या साध्या वजाबाकीवर ठरतं! हे सुचायला माणसांना लॉगिन करताना बराच काळ पाहिलेलं असावं लागतं.

इथवर सगळं छान. पण बॉट एका पत्त्यावर थांबत नाहीत. हजारो घरांतली बाधित उपकरणं प्रत्येकी दोन-तीन प्रयत्न करून निघून गेली, तर वीसचा आकडा गाठणार कोण? मग सिसॉप आकडा खाली आणतो, बंदी कायमची करतो, यादी लांबते. वैतागला की पत्त्यांचा अख्खा पट्टा, कधी अख्खा देश बंद. इथे मला काळजी वाटते. आयपीव्ही४चे पत्ते अपुरे पडल्याने मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. नाशिकमधल्या कुणाच्या भिकार कॅमेऱ्यापायी त्याच कंपनीच्या पुण्यातल्या ग्राहकाला दार बंद व्हावं, हे सहज शक्य आहे. ब्राउझरमधून येणाऱ्यांची गत आणखी वाईट: ते बरेचदा एकाच मध्यस्थ सर्व्हरमार्फत येतात, तो अडकला की सगळेच अडकले. त्यासाठी सूट दिलेल्या पत्त्यांची वेगळी यादी ठेवावी लागते आणि स्वतःचा पत्ता आधी त्यात घालणारा सिसॉप शहाणा.

काहींनी पोर्टच बदलला. बॉट घटले, पण जुन्या यादीतला पत्ता घेऊन येणारा माणूसही २३वर टकटक करून परत गेला. काहींनी लॉगिनच्या आधी एक ओळ टाकली: एस्केप दोनदा दाबा. माणूस दाबतो, कॅमेऱ्याच्या शोधात आलेला बॉट ‘रूट’ लिहून वाट पाहतो आणि वेळ संपली की बाहेर पडतो. इथे कुणाचा पत्ता लिहून ठेवावा लागत नाही, म्हणून ही युक्ती मला बंदीपेक्षा आवडते. तोडायची म्हटली तर एका ओळीत तुटेल; पण तेवढ्यासाठी कुणाला बीबीएसची दखल घ्यावी लागेल.