स्वित्झर्लंडला सहकुटुंब जायचंय? हॉटेल बुक करण्याआधी तिथली रेल्वे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर स्वित्झर्लंडच्या सहलीचे प्लॅन सतत दिसतात. आठ दिवसांत झुरिच, ल्युसर्न, इंटरलाकेन, झेरमॅट, माँत्रो, जिनिव्हा. फोटो भारी येतात. पण सोबत सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे आजोबा असतील, तर रोज बॅगा भरणं, गाडी पकडणं आणि नव्या हॉटेलात चेक-इन करणं यातच निम्मा दिवस जातो. त्यात हा देश महाग. म्हणजे वर्षानुवर्षं साठवलेले पैसे धावपळीत जातात.

यावर सोपा उपाय आहे. मुक्काम दोनच ठिकाणी करा, एक शहरात आणि एक डोंगरातल्या गावात. बाकी सगळं तिथूनच पाहून संध्याकाळी परत या. हे तिथे का जमतं, ते पाहूया.

एकाच वेळापत्रकावर चालणारा देश

स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून रेल्वेचं वेळापत्रक ठरावीक अंतरानं चालतं. एखादी गाडी १० वाजून ४ मिनिटांनी सुटत असेल, तर पुढची ११ वाजून ४ मिनिटांनी, त्यानंतरची १२ वाजून ४ मिनिटांनी. मोठ्या मार्गांवर तर दर अर्ध्या तासानं.

१९८७ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून 'रेल्वे २०००' हा प्रकल्प मंजूर केला. मोठ्या जंक्शनवर गाड्या साधारण एकाच वेळी याव्यात आणि काही मिनिटांनी एकाच वेळी सुटाव्यात, म्हणजे गाडी बदलताना ताटकळावं लागणार नाही, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी झुरिच ते बर्न हा प्रवास तासाच्या आत बसवणं गरजेचं होतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये नवा मार्ग सुरू झाला आणि हा वेळ ५६ मिनिटांवर आला.

बस, बोटी आणि डोंगरावरच्या गाड्याही बहुतेक याच वेळांना जोडलेल्या असतात. त्यामुळे छोट्या गावात राहूनही तुम्ही अडकून पडत नाही.

शहर कोणतं, गाव कोणतं?

शहरासाठी बर्न चांगलं. झुरिच विमानतळावरून थेट गाडी आहे. जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे आणि तिथे सुमारे सहा किलोमीटर लांबीचे छताखालचे रस्ते आहेत. पाऊस आला तरी मुलांना घेऊन फिरता येतं. नदीकाठी अस्वलंही बघायला मिळतात. शहरात मुक्काम केला, की हॉटेलकडून स्थानिक बस-ट्रामचा मोफत पास मिळतो.

बर्नहून इंटरलाकेन तासाभरात येतं आणि तिथून वीस मिनिटांवर लाउटरब्रुनेन. या दरीच्या दोन्ही बाजूंना वर वेंगेन आणि म्युरेन ही गावं आहेत. दोन्हीकडे पर्यटकांच्या मोटारी जात नाहीत, त्यामुळे मुलं रस्त्यावर मोकळी खेळू शकतात. म्युरेन साधारण १६४० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कळसूबाईइतक्या उंचीवर. फरक एवढाच, की इथे आजीसुद्धा केबल कार आणि छोट्या रेल्वेनं आरामात पोहोचते.

पास घ्यायचा की हाफ फेअर कार्ड?

बहुतेक कुटुंबांचा गोंधळ इथेच होतो.

• स्विस ट्रॅव्हल पास : ठरावीक दिवस रेल्वे, बस, बोटी आणि शहरातली वाहतूक अमर्याद. पण सगळे डोंगर त्यात येत नाहीत. युंगफ्राउयोखसाठी हा पास वेंगेन किंवा ग्रिंडेलवाल्डपर्यंतच चालतो, पुढच्या तिकिटावर २५ टक्के सवलत मिळते.

• स्विस हाफ फेअर कार्ड : महिनाभर बहुतेक तिकिटं अर्ध्या किमतीत. युंगफ्राउयोखलाही ५० टक्के सवलत.

रोज लांबचा प्रवास असेल तर पास परवडतो. एका गावात राहून एक-दोन महागडे डोंगर करायचे असतील, तर हाफ फेअर कार्डाचा हिशोब आधी करून बघा.

यातल्या कोणत्याही एकासोबत स्विस फॅमिली कार्ड मोफत मिळतं. ६ ते १५ वर्षांची मुलं त्यावर आई किंवा वडिलांसोबत फुकट प्रवास करतात. पास घेताना हे कार्ड आठवणीनं मागा. आणि नातवंडं फक्त आजी-आजोबांसोबत निघाली, तर ते चालत नाही हेही लक्षात ठेवा.

सर्वात उंच जागा सगळ्यांसाठी नाही

युंगफ्राउयोख स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. तिथल्या हवेत श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो आणि गाडी तुम्हाला काही तासांतच तिथे पोहोचवते. डोकं दुखणं, दम लागणं होऊ शकतं. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी आणि तान्ह्या बाळाला नेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

पर्याय आहे रिगी, १७९८ मीटर. ल्युसर्नहून बोटीनं फिट्सनाउला जायचं आणि १८७१ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या रेल्वेनं वर. हा सगळा प्रवास स्विस ट्रॅव्हल पासमध्ये येतो.

कुठल्याही डोंगराचं तिकीट काढण्याआधी वरचा लाइव्ह कॅमेरा बघा. ढग असतील तर वर फक्त पांढरं दिसेल आणि पैसे गेलेले असतील.

जेवणाचं काय?

स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या. कोप आणि मिग्रोस या दुकानांतून तांदूळ, भाजी, दही मिळतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची सोडून. त्यामुळे शनिवारीच सामान भरा. सार्वजनिक कारंज्यांचं पाणी, तशी पाटी नसेल तर, बिनधास्त प्या.

भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा.

व्हिसा

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याहून लहानांना नाही. शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमाही हवा.

थोडक्यात, आधी दोन मुक्काम ठरवा, मग रोजचा प्रवास कागदावर मांडा आणि त्यावरून पास निवडा. एखादा दिवस मुद्दाम रिकामा ठेवा. ढग हटले तर डोंगर, नाहीतर गावातल्या बाकावर बसून समोरचा धबधबा बघायचा. आजोबांना कदाचित तोच दिवस सगळ्यात आवडेल.