सम्राटाचे मास्तर, क्रांतीचे विद्यार्थी

अदिस अबाबा : इथल्या विद्यापीठाच्या सिदिस्त किलो आवारात एक गोल फिरणारा जिना आहे. त्याला वर माडी नाही की गच्ची नाही. तो आभाळाकडे चढतो आणि संपतो. इटलीने हा देश बळकावला होता तेव्हा तो बांधला, मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाला एक पायरी. इटालियन गेल्यावर सर्वांत वरच्या पायरीवर इथिओपियाचा सिंह बसवला गेला. मागची इमारत म्हणजे सम्राट हैले सेलासी यांचा राजवाडा. १९६१ साली त्यांनी तो विद्यापीठाला देऊन टाकला. उतारावर थोडे खाली गेले की तंत्रविद्या शाखेजवळ पूर्व जर्मनीने भेट दिलेला कार्ल मार्क्स भेटतो. लेनिनचा पुतळा १९९१ मध्ये पाडला गेला. मार्क्सच्या वाटेला मात्र कोणी गेले नाही.

राजवटी अशा येत-जात राहिल्या, आणि जवळजवळ प्रत्येकीत फळ्यापुढे कोणी ना कोणी परदेशी मास्तर उभा होता. पुष्कळदा तो भारतीय होता. साठी-सत्तरी ओलांडलेल्या इथिओपियन माणसाला तुम्ही भारतातून आलात एवढे कळले, की आपल्याला गणित किंवा विज्ञान शिकवणाऱ्या भारतीय सरांची आठवण तो काढणारच. त्या सरांमध्ये केरळचे अनेक होते.

ते इथे आले कसे, याचे उत्तर १९३७ मध्ये सापडते. त्या वर्षी फेब्रुवारीत इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानी याच्यावर बॉम्ब फेकले गेले. त्याचा सूड म्हणून झालेल्या कत्तलीत आणि धरपकडीत शिकलेली तरुण पिढी वेचून मारली गेली. १९४१ मध्ये सम्राट परतले तेव्हा राज्य होते, पण ते चालवायला शिकलेली माणसे नव्हती. शिक्षण खाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले, तेही थेट १९६६ पर्यंत. शाळा काढायच्या तर मास्तर बाहेरून आणणे भाग होते. विद्यापीठाचा पाया कॅनडाच्या जेझुइट पाद्र्यांनी घातला, अमेरिकेच्या पीस कोअरची पावणेतीनशेच्या आसपास तरुण मंडळी १९६२ मध्ये उतरली, आणि गावोगावच्या माध्यमिक शाळा भारतीयांनी सांभाळल्या. हरारची लष्करी अकादमीसुद्धा भारतीय सेनाधिकाऱ्यांनी उभी केली.

नव्या मास्तराचा पहिला गोंधळ घड्याळाशी होतो. इथला दिवस सूर्योदयाला सुरू होतो. सकाळचे सात म्हणजे एक वाजला. वर्षाला महिने तेरा, नवे वर्ष सप्टेंबरात, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मागे. लिपीचे मात्र मराठी माणसाला फारसे भय वाटू नये. प्रत्येक व्यंजनाची सात रूपे. आपली बाराखडी, तर त्यांची सातखडी.

भारतीय शिक्षक सत्तेला सोयीचा होता, तो केवळ स्वस्त आणि इंग्रजी जाणणारा म्हणून नव्हे. करारावर आलेला माणूस राजकारणात पडत नाही. अभ्यासक्रम पुरा करतो, घरी पैसे पाठवतो, जमिनीचा मालक कोण हे विचारत नाही. विद्यार्थी मात्र विचारू लागले होते. ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी घेऊन १९६५ मध्ये ते रस्त्यावर आले. राजाने दिलेल्या राजवाड्यात बसून राजाच्या विरोधात पत्रके लिहिली जात होती, आणि जगाचा इतिहास शिकवणारे परदेशी प्राध्यापक खिडकीतून ते बघत होते.

फेब्रुवारी १९७४ मध्ये इथिओपियन शिक्षकच संपावर गेले. पगाराचा प्रश्न होताच. पण सरकारच्या नव्या शिक्षण योजनेत गरिबांच्या मुलांची वाट चौथीपाशी अडेल, ही भीती अधिक मोठी होती. त्याच दिवसांत पेट्रोलचे भाव वाढले म्हणून टॅक्सीवाल्यांनीही गाड्या उभ्या केल्या. मास्तर आणि टॅक्सीवाले एका बाजूला आले की कुठल्याही राजधानीने सावध व्हावे. सप्टेंबरात सम्राटांना एका फोक्सवॅगन गाडीत बसवून राजवाड्याबाहेर नेण्यात आले.

सत्तेवर आलेल्या लष्करी मंडळाने, म्हणजे ‘देर्ग’ने, वरचे वर्गच रिकामे केले. विद्यापीठ बंद झाले आणि सुमारे साठ हजार विद्यार्थी-शिक्षक खेड्यांत पाठवले गेले, शेतकऱ्यांना साक्षर करायला आणि १९७५ च्या जमीन सुधारणेचा अर्थ समजावायला. यात केवळ ढोंग होते असे म्हणता येणार नाही. १९७९ मध्ये सुरू झालेली साक्षरता मोहीम पंधरा भाषांतून चालली. सम्राटाच्या काळात अम्हारिकखेरीज दुसऱ्या देशी भाषेला शाळेत जागा नव्हती. पण याच राजवटीच्या ‘लाल दहशती’त, १९७७-७८ मध्ये, हजारो तरुण मारले गेले, त्यांत शाळा-कॉलेजातली मुले भरपूर. काल हजेरीला ‘हजर’ म्हणणारा मुलगा आज नाही, आणि का नाही हे विचारायची सोय नाही. अमेरिकन स्वयंसेवक निघून गेले. पूर्व जर्मनीचे प्राध्यापक मार्क्सवाद-लेनिनवाद शिकवायला आले.

१९९१ मध्ये देर्गही गेले. नव्या राजवटीने मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण आणले, आणि १९९३ मध्ये अदिस अबाबा विद्यापीठातले चाळीसहून अधिक प्राध्यापक एका फटक्यात काढून टाकले. शल्यविशारद अस्रात वोल्देयेस त्यांच्यापैकीच एक. पुढे याच सरकारने विद्यापीठांचा सपाटा लावला. दोनाची तिसाहून अधिक झाली. प्राध्यापक कमी पडले आणि भारतात पुन्हा जाहिराती झळकल्या. माध्यमिक शाळांसाठी तर वेगळाच तोडगा निघाला. २००४ पासून वर्गावर्गात प्लाझ्मा पडदे लागले. दक्षिण आफ्रिकेत चित्रित झालेले इंग्रजी धडे उपग्रहावरून येत, आणि प्रत्यक्ष शिक्षकाला तासाच्या सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटे मिळत. आठवीपर्यंत ओरोमो या मातृभाषेतून शिकलेल्या मुलाने परक्या उच्चारातले जीवशास्त्र न थांबणाऱ्या पडद्यावरून उतरवून घ्यायचे. वीज गेली की धडाही गेला. परदेशी मास्तराची ही सर्वांत गप्प आवृत्ती होती; तिला शंका विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

सध्याचे शिक्षणमंत्री बेरहानू नेगा यांची कहाणी या गप्प मास्तराच्या अगदी उलट आहे. २००५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने राजधानी जिंकली. महापौरपदाच्या खुर्चीऐवजी त्यांना तुरुंग मिळाला. सुटका झाल्यावर ते अमेरिकेत बकनेल विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवू लागले. इकडे त्यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा ठोठावली गेली, आणि ते वर्ग सोडून एरिट्रियातल्या सशस्त्र गटात सामील झाले. २०१८ मध्ये अबिय अहमद पंतप्रधान झाल्यावर ते परतले, आणि २०२१ मध्ये शिक्षण खाते त्यांच्या हाती आले.

त्यांनी पहिला हात घातला तो बारावीच्या परीक्षेत. ही परीक्षा २०१६ मध्ये प्रश्नपत्रिका समाजमाध्यमांवर फुटल्याने रद्द करावी लागली होती. २०२२ मध्ये ती विद्यापीठांच्या आवारात, कडक पहाऱ्यात घेतली गेली. सुमारे नऊ लाख मुले बसली. पन्नास टक्क्यांपुढे गेली ती फक्त ३.३ टक्के. हजाराहून अधिक शाळांतून एकही मुलगा पास झाला नाही. टिग्राई प्रांतातले युद्ध तेव्हा अजून थांबायचे होते आणि तिथली मुले या परीक्षेत नव्हतीच. पुढच्या वर्षीचा निकाल ३.२ टक्के. एवढ्या मुलांवर विद्यापीठे चालणार नाहीत, म्हणून नापासांतली बरी मुले निवडून त्यांच्यासाठी पूरक वर्ग काढले गेले, आणि विद्यापीठाचे प्राध्यापक बारावीचे गणित शिकवू लागले.