विश्लेषण : कमोडोरप्रेमींना जिम बटरफिल्ड आजही का आठवतात?

कमोडोर ६४ हा १९८२ मधील घरगुती संगणक. त्याची मेमरी अवघी ६४ केबी. आपल्या मोबाइलने काढलेला एक फोटोही तीत मावणार नाही. तरीही जगभरचे हौशी लोक हे यंत्र अजून चालते ठेवतात आणि त्यांच्या गप्पांत जिम बटरफिल्ड हे नाव हमखास निघते. कॅनडातील टोरंटोचे बटरफिल्ड २९ जून २००७ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी गेले.

त्यांनी नेमके काय केले?

मेमरी म्हणजे क्रमांक घातलेले हजारो कप्पे. कमोडोर ६४ मध्ये ५३२८० क्रमांकाच्या कप्प्यात शून्य टाकले, की पडद्याभोवतीची चौकट काळी होते. पण हे सांगणार कोण? कमोडोरच्या संगणकांतल्या अशा कप्प्यांचे नकाशे बटरफिल्ड नियतकालिकांतून छापत राहिले, तेही सामान्य वाचकाला कळेल अशा भाषेत. ‘सुपरमॉन’ हे यंत्रभाषेत काम करण्याचे साधन त्यांनी सर्वांसाठी मोफत खुले केले. त्यात इतरांचीही मेहनत होती.

त्याआधीचे त्यांचे काम तर अधिकच गमतीचे. किम-१ या संगणकाला पडदाच नव्हता. होते फक्त सहा चमकते आकडे. तेवढ्यावर त्यांनी चंद्रावर यान उतरवण्याचा खेळ बसवला! तो १९७७ च्या ‘द फर्स्ट बुक ऑफ किम’ या पुस्तकात आहे. त्याचे ते एक सहलेखक.

आज त्याचा उपयोग काय?

जुना कमोडोर दुरुस्त करणारा असो, की मोबाइलवर त्याची हुबेहूब नक्कल चालवणारा. चौकट काळी करायची तर कप्पा तोच, ५३२८०.